विटांच्या पेटीतली बँक

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात ओवाटोना नावाचं शेतीप्रधान गाव आहे. तिथल्या नॅशनल फार्मर्स बँकेची इमारत १९०८ साली पूर्ण झाली. वास्तुकार होते लुई सलिव्हन. त्या काळी बँक म्हटली की ग्रीक देवळासारखे दगडी खांब ठरलेलेच. सलिव्हन यांनी तांबूस दगडाच्या जोत्यावर लाल विटांची एक भक्कम पेटी उभी केली आणि रस्त्याकडच्या दोन्ही बाजूंना एकेक प्रचंड कमान काढली.

वीट दाब उत्तम सोसते, ताणली तर मात्र चटकन तडकते. म्हणून रुंद खिडकीवर विटांची सरळ आडवी ओळ टिकत नाही. कमानीत वरचा भार वळणावळणाने खाली उतरतो, प्रत्येक वीट शेजारणीला दाबून धरते. पण कमान बाजूंनाही रेटते. तो रेटा थोपवायला दोन्हीकडे जड बांधकाम लागतं. ओवाटोनाच्या कमानींच्या बाजूंना कोपऱ्यांत भरीव भिंती आहेत, त्या नुसत्या शोभेच्या नव्हेत.

जवळून पाहिलं तर भिंत एकरंगी नाही. विटेचा लाल रंग मातीतल्या लोहामुळे येतो, आणि भट्टीतली आच व हवा बदलली की छटा बदलते. तारेने कापलेल्या विटांचा खरबरीत पृष्ठभाग सलिव्हन यांना फार आवडे. अशा भिंतीवर ऊन विणलेल्या कापडासारखं खेळतं. गुळगुळीत संगमरवराला हे जमत नाही, असं माझं ठाम मत आहे.

आत भित्तिचित्रांत गाई आणि पिकांची कापणी आहे. खातेदार शेतकरीच होते ना! १९२६ मध्ये ही बँक बुडाली, पण पुढेही या इमारतीत बँकांचाच कारभार चालला.