विश्लेषण : महिला क्रिकेटसाठी डायना एडल्जींच्या विकेटइतकीच रेल्वेची नोकरीही महत्त्वाची का?

नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘आयसीसी’च्या हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळवणाऱ्या डायना एडल्जी या पहिल्या भारतीय महिला क्रिकेटपटू ठरल्या. दक्षिण मुंबईतील रेल्वे वसाहतीत वाढलेल्या या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाची आकडेवारी मोठी आहेच. पण त्यांनी मागे ठेवलेले दुसरे काम आकड्यांत दिसत नाही.

एडल्जी कोण?

जन्म २६ जानेवारी १९५६, पारशी कुटुंबात. बधवार पार्कच्या रेल्वे वसाहतीत मुलांबरोबर टेनिस बॉलने खेळत त्या क्रिकेट शिकल्या. बहीण बेहरोझही भारताकडून खेळली. १९७६ मध्ये वेस्ट इंडिजविरुद्ध भारतीय महिला संघाने पहिली कसोटी मालिका खेळली, त्या संघात एडल्जी होत्या. २० कसोटींत ६३ आणि ३४ एकदिवसीय सामन्यांत ४६ बळी त्यांच्या नावावर आहेत. महिला कसोटीत भारताकडून त्यांच्याइतके बळी अद्याप कोणीही घेतलेले नाहीत. १९७८ आणि १९९३ अशा दोन विश्वचषकांत त्या कर्णधार होत्या. १९८३ मध्ये अर्जुन, तर २००२ मध्ये पद्मश्री पुरस्काराने त्यांचा गौरव झाला.

१५ वर्षांत फक्त २० कसोटी का?

कारण सामनेच नव्हते. जानेवारी १९७७ नंतर भारतीय महिला संघ थेट १९८४ मध्ये कसोटी खेळला. म्हणजे खेळाडूच्या उमेदीची सात वर्षे कसोटीविना गेली. १९८६ च्या इंग्लंड दौऱ्यानंतरची कसोटी १९९१ मध्ये झाली. १९८८ च्या विश्वचषकात तर भारताचा संघच नव्हता. महिला क्रिकेट तेव्हा ‘बीसीसीआय’कडे नव्हते. १९७३ मध्ये स्थापन झालेली वेगळी संघटना ते चालवत होती आणि तिच्याकडे पैसा नव्हता. मुली अनारक्षित डब्यातून प्रवास करत, सामायिक खोल्यांत राहत, एकमेकींची बॅट-पॅड वापरत. मानधनाचा प्रश्नच नव्हता.

मग पुरुष खेळाडूंचे कसे भागत होते?

याचे उत्तर मुंबईच्या कचेऱ्यांत आहे. शिवाजी पार्क किंवा आझाद मैदानावर चमकलेल्या मुलाला बँक, टाटा, मफतलाल अशा कंपन्या नोकरी देत आणि तो टाइम्स शिल्डमध्ये कंपनीच्या संघाकडून खेळे. सुनील गावसकर निर्लॉनमध्ये होते. पगार सुरू, सरावाला सवलत. मुंबई क्रिकेटची भक्कम घडी या नोकऱ्यांवर बसली होती. मुलींसाठी असा दरवाजाच नव्हता. शिक्षण संपले की नोकरी किंवा लग्न, आणि क्रिकेट बंद.

एडल्जींनी काय केले?

पश्चिम रेल्वेत नोकरी करत असताना, महिला क्रिकेटपटूंनाही खेळाडू कोट्यातून नोकऱ्या द्याव्यात यासाठी त्यांनी पाठपुरावा केला. १९८० च्या दशकात रेल्वेचा महिला संघ उभा राहिला. पुढे देशांतर्गत स्पर्धांत हा संघ वर्षानुवर्षे वरचढ ठरला. मिताली राज याच संघातून खेळली. पंजाबच्या मोगा येथील हरमनप्रीत कौरला मुंबईत पश्चिम रेल्वेत नोकरी मिळावी यासाठीही एडल्जींनी प्रयत्न केले. सचिन तेंडुलकर यांनीही तिची शिफारस केली होती. त्याच हरमनप्रीतच्या नेतृत्वाखाली भारताने २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून पहिला विश्वचषक जिंकला. त्या संघातील प्रतिका रावल, रेणुका सिंह ठाकूर आणि स्नेह राणा याही रेल्वेच्याच कर्मचारी.

एवढा संघर्ष कशासाठी?

कारण मैदानाबाहेरही दारे बंदच होती. १९८६ च्या दौऱ्यात लॉर्ड्सच्या पॅव्हिलियनमध्ये एडल्जींना प्रवेश नाकारला गेला. ‘एमसीसी’चे नाव बदलून ‘एमसीपी’ करा, असा टोला त्यांनी पुरुषी वर्चस्वाला उद्देशून लगावला होता. या क्लबने महिलांना सदस्यत्व द्यायचे ठरवले ते १९९८ मध्ये. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘बीसीसीआय’साठी नेमलेल्या प्रशासक समितीत एडल्जी होत्या. तिथेही प्रशिक्षक निवडीसह काही मुद्द्यांवर अध्यक्ष विनोद राय यांच्याशी त्यांचे मतभेद जाहीर झाले. त्यांच्या सगळ्याच भूमिका सर्वांना पटल्या नाहीत, पण गप्प बसणे त्यांच्या स्वभावात नव्हते.

आता प्रश्न सुटला का?

वरच्या स्तरावर बराचसा. २००६ मध्ये महिला क्रिकेट ‘बीसीसीआय’च्या छत्राखाली आले. २०२२ मध्ये भारतीय संघातील महिलांना पुरुषांइतकेच सामना शुल्क जाहीर झाले : कसोटीला १५ लाख, एकदिवसीयला ६ लाख, ट्वेन्टी-२० ला ३ लाख रुपये. २०२३ च्या पहिल्या ‘डब्ल्यूपीएल’ लिलावात स्मृती मानधनाला ३ कोटी ४० लाख मिळाले.

पण या लीगमध्ये संघ पाच आणि प्रत्येकी खेळाडू जास्तीत जास्त १८. म्हणजे ९० जागा, त्यातही काही परदेशी खेळाडूंच्या. त्याबाहेर राहिलेल्या, जिल्हा आणि राज्य पातळीवर खेळणाऱ्या मुलीच्या घरी आजही तोच प्रश्न विचारला जातो : ‘खेळून पुढे काय?’ एडल्जींनी चाळीस वर्षांपूर्वी त्यावर शोधलेले उत्तर साधे होते, महिन्याच्या महिन्याला हाती येणारा पगार. विश्वचषकानंतर मैदानावर येणाऱ्या मुलींची संख्या वाढली, तर अशा नोकऱ्याही वाढाव्या लागतील.