‘टाकून दाखवा’: काचबिंदूचे रुग्ण आणि दोन महिन्यांचं संशोधन

आजचा भाग दोन घरांसाठी आहे. एका घरात मुलगा किंवा मुलगी एमबीबीएसला आहे आणि सुट्टीत काहीतरी संशोधन करायचं म्हणते आहे. दुसऱ्या घरात आजी, आजोबा, आई किंवा बाबा रोज डोळ्यात काचबिंदूचे थेंब टाकतात. ही दोन घरं रुग्णालयाच्या नेत्र ओपीडीत एकमेकांना भेटली, तर काय होऊ शकतं ते आज समजून घेऊ.

आधी आजार बघू. डोळ्याच्या आत एक द्रव सतत तयार होतो आणि बारीक वाटांनी बाहेर पडतो. ही वाट अडली की आतला दाब वाढतो. साधारण दाब पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटरच्या दरम्यान असतो. वाढलेल्या दाबाने डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेचे तंतू हळूहळू मरतात. काही जणांची नस तर साधारण दाबातही खराब होते. आधी जाते ती बाजूची नजर. समोरचं बराच काळ स्पष्ट दिसतं, पेपर वाचता येतो, आणि नेहमीच्या प्रकारात दुखतही नाही. म्हणूनच दक्षिण भारतात घरोघर जाऊन केलेल्या पाहण्यांत सापडलेल्या दहापैकी नऊहून अधिक रुग्णांना आपल्याला काचबिंदू आहे हे ठाऊकच नव्हतं.

गेलेली नजर परत येत नाही. उपचार करायचे ते उरलेली नजर राखण्यासाठी. बहुतेकांना त्यासाठी रोज, वर्षानुवर्षं थेंब टाकावे लागतात. थेंब डोळ्यात चुरचुरतात, बाटलीला पैसे लागतात आणि टाकल्यावर जास्त दिसायला लागतं असंही नाही. मग माणूस कंटाळतो, आणि त्यात नवल काही नाही.

आता विद्यार्थ्याकडे येऊ. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, म्हणजे आयसीएमआर, १९७९ पासून एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांसाठी अल्पकालीन संशोधनाची योजना चालवते. दोन महिन्यांचं काम असतं. कॉलेजमधले एक प्राध्यापक गाईड असतात, आधी प्रस्ताव लिहावा लागतो, आणि रुग्णांना हात लावण्याआधी एथिक्स कमिटीची परवानगी लागते. दोन महिन्यांत नवं औषध शोधता येत नाही. पण एखाद्या छोट्या प्रश्नाचं खरं उत्तर मिळवता येतं. काचबिंदूत असा एक प्रश्न आहे: लिहून दिलेलं औषध खरोखर डोळ्यात पडतं का?

समजा, एका विद्यार्थिनीने हा विषय घेतला. पहिली अडचण येते शब्दांची. मराठीत मोतीबिंदू आणि काचबिंदू वेगळे आहेत, तरी ‘बिंदू’मुळे गोंधळ होतोच. ती इंदूर किंवा भोपाळला शिकत असेल, तर तिथे काचबिंदूला ‘काला मोतिया’ म्हणतात आणि मोतीबिंदूला ‘सफेद मोतिया’. वडोदऱ्याला शब्द आहे ‘झामर’. मोतिया म्हटलं की रुग्णाला वाटतं, पिकू द्या, मग ऑपरेशन करू, पुन्हा दिसायला लागेल. मोतीबिंदूत नजर परत येते, कारण तिथे भिंग गढूळ झालेलं असतं आणि ते बदलता येतं. काचबिंदूत नस गेलेली असते. म्हणून प्रश्नावली रुग्णाच्या भाषेत हवी, आणि आधी चार-पाच जणांना विचारून बघायला हवी. नाहीतर रुग्ण एका आजाराबद्दल उत्तर देतो आणि आपण दुसऱ्याबद्दल लिहून घेतो.

दुसरी अडचण उत्तराची. “आजोबा, औषध रोज टाकता ना?” असं विचारलं की उत्तर एकच येतं, “हो, टाकतो की!” पांढऱ्या कोटातल्या माणसाला नाही म्हणणं जड जातं. अमेरिकेत एका अभ्यासात रुग्णांना औषध फुकट दिलं आणि थेंब टाकल्याची नोंद करणारं यंत्रही दिलं. नोंद होते आहे हे त्यांना सांगितलेलं होतं. तरीही जवळजवळ ४५ टक्के लोकांनी ठरलेल्या मात्रांपैकी पाऊण मात्राही घेतल्या नाहीत. म्हणून विचारायची पद्धत बदलावी: “बऱ्याच जणांचा एखादा डोस राहतो. गेल्या आठवड्यात तुमचे किती राहिले?”

आणि मग सगळ्यात महत्त्वाचं वाक्य: “टाकून दाखवा.”

विद्यार्थिनी समोर बसून फक्त बघते आणि नोंदते. हात धुतले का? खालची पापणी ओढली का? बाटलीचं टोक डोळ्याला लागलं का? थेंब डोळ्यात पडला की गालावर? एकच पडला की तीन-चार? दिल्लीच्या एम्समध्ये ७० रुग्णांना असंच बघितलं होतं. तो अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. सगळं बरोबर करणारे दहा टक्क्यांहूनही कमी निघाले. बाकीच्यांना कुणी शिकवलंच नसेल, तर दोष त्यांना कसा द्यायचा? गर्दीच्या ओपीडीत डॉक्टरांकडे एका रुग्णासाठी मोजकी मिनिटं असतात. विद्यार्थिनीकडे वेळ आहे.

पण या अभ्यासाची मर्यादाही तिने लिहायला हवी. तिला भेटले ते ओपीडीत आलेले रुग्ण. ज्यांनी औषध सोडलं आणि येणंही सोडलं, ते तिच्या यादीत नाहीत. म्हणजे खरी परिस्थिती तिच्या आकड्यांपेक्षा वाईट असू शकते.

नोंद संपली की तिचं अजून एक काम उरतं. चूक दिसल्यावर रुग्णाला तसंच घरी पाठवायचं नाही, तिथेच शिकवायचं. डोकं मागे, खालची पापणी ओढून खोबण करा, टोक न लावता एकच थेंब टाका. डोळ्यात एका थेंबाहून जास्त मावत नाही, बाकी वाहून जातं. मग डोळा हलकेच मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं बोटाने दाबा. त्याने औषध नाकावाटे रक्तात कमी जातं. टिमोलॉलसारख्या औषधाने दमा वाढू शकतो, म्हणून हे महत्त्वाचं. दमा असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. दुसरं औषध असेल तर पाच मिनिटं थांबा. आणि जाताना सांगायचं, “तुमच्या भावंडांना आणि मुलांना एकदा तपासून घ्यायला सांगा.” जवळच्या नात्यात काचबिंदू असेल तर धोका कित्येक पटींनी वाढतो.

दोन महिन्यांनी अहवाल होईल, प्रमाणपत्र मिळेल. पण एखाद्या आजोबांचा थेंब गालाऐवजी डोळ्यात पडायला लागला, तर तिने तेवढी नजर वाचवली.

यासाठी तुम्ही डॉक्टर असायची गरज नाही. घरात कुणाला हे थेंब चालू असतील, तर आज रात्री औषधाच्या वेळी त्यांच्याजवळ बसा. टाकलं का, असं विचारू नका. प्रेमाने म्हणा, “मला टाकून दाखवा ना.” पुढच्या भागात भेटू. नमस्कार.