स्त्रियांची बायपास: फरक कुठे पडतो?

बायपास शस्त्रक्रियेची हकिगत १९६७ सालापासून सांगावी लागते. त्या वर्षी मे महिन्यात अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये रेने फावालोरो या अर्जेंटिनाच्या शल्यविशारदाने रुग्णाच्या पायातील शीर काढून हृदयाच्या बंद पडलेल्या धमनीसाठी वापरली. तो रुग्ण म्हणजे ५१ वर्षांची एक स्त्री होती. पुढे ही शस्त्रक्रिया जगभर रुजली. मात्र तिच्याविषयीचे ज्ञान मुख्यतः पुरुष रुग्णांवरूनच जमत गेले.

त्याचा परिणाम आकड्यांत दिसतो. अमेरिकेतील २०११ ते २०२० या काळातील सुमारे १३ लाख बायपास रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यांत स्त्रिया जेमतेम एक चतुर्थांश होत्या. शस्त्रक्रियेच्या सुमारास दगावणाऱ्या पुरुषांचे प्रमाण हजारी १७, तर स्त्रियांचे २८ होते. दहा वर्षांत हे अंतर कमी झाले नाही. हजारातल्या ९७२ स्त्रिया यातून सुखरूप पार पडतात, हेही त्याच आकड्यांत आहे. तेव्हा भिऊन शस्त्रक्रिया टाळणे हा यावरचा उपाय नव्हे. अंतर का पडते, ते समजून घ्यावे.

पहिले कारण शरीराचे. स्त्रियांच्या हृदयाच्या धमन्या बारीक असतात, त्यामुळे टाके घालणे अवघड जाते. हृदयविकार त्यांना बहुधा पाळी गेल्यानंतर, उतारवयात गाठतो. तोवर मधुमेह आणि रक्तदाब सोबतीला आलेले असतात. शिवाय शस्त्रक्रियेत रक्त हार्ट-लंग मशीनमधून फिरवताना यंत्राच्या नळ्यांतील द्रव त्यात मिसळतो. लहान चणीच्या, आधीच हिमोग्लोबिन कमी असलेल्या बाईचे रक्त त्याने अधिकच पातळ होते.

दुसरे कारण शस्त्रक्रियेच्या पद्धतीचे. पायातील शिरेपेक्षा छातीच्या आतली धमनी जोडली, तर ती कितीतरी अधिक वर्षे खुली राहते. स्त्रियांच्या बाबतीत तिचा वापर पुरुषांपेक्षा कमी झालेला आढळतो.

तिसरे कारण मात्र घरातले आहे. छातीत दुखणे हे दोघांचेही मुख्य लक्षण. पण स्त्रियांत त्याबरोबर, किंवा त्याऐवजीही, धाप, मळमळ, जबडा वा पाठ दुखणे आणि विलक्षण थकवा अधिक दिसतो. आपल्या घरांत, मग ते इंदूरचे असो की बेळगावचे, याला ‘पित्त झालंय’ म्हणून आल्याचा रस दिला जातो. ‘सणवार आटोपले की दाखवू’ असे बाई स्वतःच म्हणते, आणि घरच्यांनाही ते सोयीचे वाटते. मग जी शस्त्रक्रिया सवडीने, तयारीनिशी झाली असती, ती घाईगर्दीत करावी लागते; आणि तातडीच्या शस्त्रक्रियेत धोका कुणालाही अधिकच.

घरी परतल्यावरही हेच चालते. कापलेले छातीचे हाड सांधायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. पुरुषाला या काळात सगळे हातात मिळते. बाई मात्र महिन्याच्या आत ओट्यापाशी उभी असते. भरलेली बादली, मोठा कुकर, कडेवरचे नातवंड हे तिच्यासाठी तेव्हा वर्ज्यच समजावे. स्तनांच्या ओढीने छातीच्या जखमेवर ताण येतो, म्हणून योग्य मापाची, आधार देणारी अंतर्वस्त्रे डॉक्टरांना विचारून वापरावीत. हा विषय लाजून टाळण्याचा नाही. देखरेखीखालच्या व्यायामालाही स्त्रिया पुरुषांपेक्षा कमी जातात; सोबत येणारे कुणी नसणे हेही त्याचे एक कारण असते.

म्हणून घरात आईची, सासूबाईंची किंवा पत्नीची बायपास ठरली, तर डॉक्टरांना तीन गोष्टी अवश्य विचाराव्यात: हिमोग्लोबिन किती आहे आणि शस्त्रक्रियेआधी ते वाढवता येईल का? छातीतील धमनी वापरणार का, नसल्यास का नाही? व्यायाम कधीपासून सुरू करायचा? आणि त्या सहा-आठ आठवड्यांत स्वयंपाक कोण करणार, हे तिला रुग्णालयात नेण्याआधीच घरात बसून ठरवावे.