दगडाखालची वस्ती
महाबळेश्वरच्या डोंगरात उगवणारी कृष्णा पुढे आपल्या उसाला पाणी पुरवते. तिकडच्या ओढ्यातला दगड उलटा, तीन शेपट्यांचे चपटे किडे अन् वाळूचे घरटे करणाऱ्या अळ्या दिसतील. त्यांना गार, खळाळते पाणी लागते. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांना साडेसातच! काठची झाडी तोडली की पाणी तापते, धुपलेली माती फटी बुजवते.

खाली नदीत मळीमिश्रित पाणी सुटले तर प्राणवायूच संपतो. कारखान्याच्या अंकात हे लिहिणे अवघड, पण खरे आहे. मग चिखलातल्या तांबड्या अळ्या तेवढ्या तगतात. त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असते.

दगड उलटायचा तर हिवाळ्यात. पुरात दगडच लोळतात, किडे सापडायचे नाहीत.