परदेशी शाळेतील नोकरी : निर्णयापूर्वीचा विचार

चंडीगढ शहराची उभारणी १९५१ पासून ले कॉर्बूझिये या वास्तुविशारदाच्या आराखड्यानुसार झाली. या आराखड्याचा मूळ घटक म्हणजे सेक्टर. सुमारे आठशे मीटर रुंद आणि बाराशे मीटर लांब अशा एका चौकटीत घरे, शाळा, दुकाने व मोकळी जागा यांची सोय असावी आणि दैनंदिन गरजांसाठी रहिवाशांना दूर जावे लागू नये, अशी ही कल्पना होती. पहिल्या टप्प्यात ३० पर्यंतचे सेक्टर आखले गेले, दुसऱ्या टप्प्यात ३१ ते ४७. सेक्टर ३२ हा या दुसऱ्या टप्प्यातील होय.

या सेक्टरमध्ये १९९१ साली स्थापन झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आहे. येथेच गोस्वामी गणेश दत्त सनातन धर्म महाविद्यालय आहे. हे महाविद्यालय १९७३ मध्ये सुरू झाले. परंतु १९१६ साली लाहोरात स्थापन झालेल्या महाविद्यालयाचा वारसा ते सांगते. फाळणीने विद्यार्थी व शिक्षक यांच्याप्रमाणे संस्थांनाही स्थलांतर करावयास लावले. एक सेक्टर ओलांडून सेक्टर ३४ मध्ये गेले की इंग्रजी भाषेच्या परीक्षांची तयारी करून घेणाऱ्या वर्गांच्या पाट्या दिसू लागतात. दैनंदिन गरजांसाठी दूर जावे लागू नये म्हणून वसविलेल्या या शहरात दूर जाण्याची तयारी हाच एक मोठा व्यवसाय होऊन बसला आहे.

अशा सेक्टरमधील एका शिक्षिकेची कल्पना करावी. ती एका खाजगी शाळेत गणित शिकवते. नोकरीस चार वर्षे व चार महिने झाले आहेत. आईवर सेक्टरमधील रुग्णालयात उपचार चालू आहेत आणि घरावर कर्ज आहे. एके दिवशी तिला दुबईतील एका खाजगी शाळेकडून नेमणुकीचे पत्र येते. आठ दिवसांत होकार कळवावा, असे त्यात म्हटले आहे. तिने काय करावे? या प्रश्नाला सर्वांना लागू पडेल असे उत्तर नाही. तथापि उत्तरापर्यंत पोहोचण्याची रीत मात्र सांगता येते.

पूर्वीचे अनुभव

भारतीय शिक्षकाने परदेशी जाणे ही नवी गोष्ट नव्हे. दुसऱ्या महायुद्धानंतर सम्राट हैले सेलासी यांच्या राजवटीत इथिओपियातील शाळांमध्ये भारतीय शिक्षक मोठ्या संख्येने गेले. पुढे १९७० च्या दशकात तेलाच्या उत्पन्नावर नायजेरियाने शाळांचा विस्तार केला, तेव्हा तेथेही भारतीय शिक्षक नेमले गेले. आखाती देशांत भारतीय वस्ती वाढू लागली तसतशा भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा निघाल्या. दुबईतील इंडियन हायस्कूल १९६१ चे आहे, तर मस्कतमधील इंडियन स्कूल १९७५ चे.

या इतिहासातून दोन धडे मिळतात. पहिला चलनाचा. १९८६ मध्ये नायजेरियाने आपल्या नायरा या चलनाचे मोठे अवमूल्यन केले. ज्यांची बचत नायरात होती त्यांच्या हाती वर्षानुवर्षांच्या कष्टाचा अल्पसा अंश उरला. दुसरा धडा सुरक्षिततेचा. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकी सैन्य कुवेतमध्ये शिरले. त्यानंतर एक लाखाहून अधिक भारतीयांना विमानांनी मायदेशी आणावे लागले. नोकरी, घरसामान, बँकेतील पैसा आणि कित्येकांची मूळ कागदपत्रे मागेच राहिली. यावरून परदेशी जाऊच नये असा निष्कर्ष निघत नाही. मात्र बचत वेळच्या वेळी मायदेशी पाठवावी आणि महत्त्वाच्या कागदांच्या प्रती घरी ठेवाव्यात, हे त्यावरून निश्चित ठरते.

कायदा कोणाचे रक्षण करतो?

भारतातून नोकरीसाठी बाहेर जाणाऱ्यांसंबंधीचा मुख्य कायदा म्हणजे १९८३ चा उत्प्रवास अधिनियम. या कायद्यानुसार काही ठराविक देशांत नोकरीस जाणाऱ्या अल्पशिक्षित कामगारांना उत्प्रवास संरक्षक या अधिकाऱ्याची परवानगी घ्यावी लागते. परवानगी देण्यापूर्वी हा अधिकारी करारपत्र पाहतो. दहावी उत्तीर्ण झालेल्यांना २००७ पासून या अटीतून सूट आहे. परिचारिकांचे शोषण होत असल्याचे आढळल्याने त्यांच्यासाठी २०१५ मध्ये ही परवानगी पुन्हा आवश्यक करण्यात आली. शिक्षक मात्र या तरतुदीत येत नाहीत.

याचा अर्थ लक्षात घेण्यासारखा आहे. शिक्षिकेच्या पारपत्रावर कोणतेही बंधन नसते आणि त्याच कारणाने तिचे करारपत्र तपासणाराही कोणी नसतो. सुशिक्षित माणूस आपले हित स्वतः पाहू शकतो, असे कायदा गृहीत धरतो. म्हणून जे काम अन्यथा सरकारी अधिकाऱ्याने केले असते ते तिने स्वतः केले पाहिजे.

नेमणूक मध्यस्थामार्फत होत असेल तर तो परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला असणे कायद्याने आवश्यक आहे. नोंदणी क्रमांक मागून घेऊन तो मंत्रालयाच्या ई-मायग्रेट या संकेतस्थळावर पडताळता येतो. २०१७ च्या नियमांनुसार मध्यस्थाला उमेदवाराकडून कराव्यतिरिक्त कमाल ३०,००० रुपये सेवाशुल्क घेता येते. संयुक्त अरब अमिरातीच्या कायद्यानुसार तर भरतीचा खर्च कर्मचाऱ्यावर टाकताच येत नाही. याहून मोठी रक्कम मागणारा, पावती देण्यास टाळाटाळ करणारा किंवा “आधी पर्यटक व्हिसावर जा, नोकरीचा परवाना तेथे मिळेल” असे सांगणारा मध्यस्थ टाळावा. पर्यटक व्हिसावर शिकविणे बेकायदेशीर ठरते आणि अशा वेळी पगार बुडाला तरी तक्रार करण्याची सोय उरत नाही.

करारपत्राचे वाचन

आखाती देशांत परकीयाचा निवास परवाना बहुधा त्याच्या मालकाशी जोडलेला असतो. या पद्धतीला कफाला म्हणतात. पूर्वी मालकाच्या संमतीवाचून नोकरी बदलणे जवळजवळ अशक्य असे. अलीकडे हे बंधन पुष्कळ सैल झाले आहे. कतारने २०२० मध्ये नोकरी बदलण्यासाठी मालकाच्या ना-हरकत पत्राची अट काढून टाकली. संयुक्त अरब अमिरातीत २०२१ चा कामगार कायदा फेब्रुवारी २०२२ पासून लागू झाला. त्यानुसार चाचणीचा काळ सहा महिन्यांहून अधिक असू शकत नाही. या काळात मालक चौदा दिवसांच्या सूचनेने नोकरी संपवू शकतो. पारपत्र काढून घेण्याचा मालकाला अधिकार नाही. सर्वच देशांचे नियम असे नाहीत. म्हणून ज्या देशात जावयाचे त्याचा कायदा स्वतंत्रपणे पाहावा.

करारपत्रात प्रथम पगाराची विभागणी पाहावी. एकूण पगार आणि मूळ पगार या दोन भिन्न गोष्टी आहेत. अमिरातीच्या कायद्याने नोकरीच्या अखेरीस मिळणारे उपदान मूळ पगारावर मोजले जाते : पहिल्या पाच वर्षांतील प्रत्येक वर्षाला एकवीस दिवसांचा मूळ पगार. समजा, एकूण पगार ५,००० दिरहम आहे. त्यात मूळ पगार ३,००० असेल, तर दिवसाला १०० या हिशेबाने वर्षाचे उपदान २,१०० दिरहम होते. मूळ पगार ४,५०० असेल तर तेच ३,१५० होते. दर महिन्याला हातात पडणारी रक्कम दोन्हींत सारखीच असते. फरक कळतो तो परत येताना.

दुसरी बाब म्हणजे पगार वर्षातील किती महिन्यांचा. शाळेला उन्हाळ्याची दीर्घ सुट्टी असते. तिचा पगार मिळणार की नाही हे पत्रात स्पष्ट लिहिलेले असावे. तिसरी बाब राहण्याची : शाळा घर देणार, की भत्ता? घर दिल्यास खोलीत आणखी किती जणी असतील? याशिवाय वैद्यकीय विमा, सुट्टीत घरी येण्याचे तिकीट, मुलांची फी, आठवड्याच्या तासिका आणि मुदतीपूर्वी नोकरी सोडल्यास द्यावयाची भरपाई, यांपैकी प्रत्येक गोष्टीला करारात जागा हवी. तोंडी आश्वासनाचा पुढे उपयोग होत नाही. शाळेने पत्राने खुलासा करण्याचे नाकारले, तर तो नकारच पुरेसा बोलका समजावा.

शाळा कोणत्या अभ्यासक्रमाची आहे यावरही बरेच अवलंबून असते. भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळांची फी ब्रिटिश वा अमेरिकन शाळांच्या मानाने बहुधा कमी असते, आणि पगार फीमधूनच निघत असल्यामुळे तोही कमी असतो. उलट अशा शाळेत पुस्तके, परीक्षा आणि एप्रिलमध्ये सुरू होणारे वर्ष परिचयाचे असते. ब्रिटिश शाळांचा विचार करणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. इंग्लंडने २०२३ पासून भारतासह आणखी काही देशांतील शिक्षकांना तेथील पात्रता मिळविण्याचा मार्ग खुला केला आहे. परंतु पात्रता म्हणजे नोकरी नव्हे आणि नोकरी म्हणजे व्हिसा नव्हे. या तीन पायऱ्या वेगवेगळ्या आहेत.

कागदपत्रांची सिद्धता

पदवी व बी.एड. यांची प्रमाणपत्रे परदेशी मान्य होण्यासाठी साक्षांकित करावी लागतात. प्रथम राज्य वा केंद्रशासित प्रदेशाच्या पातळीवर, नंतर परराष्ट्र मंत्रालयाकडून. भारत २००५ पासून हेग येथील अपोस्टिल करारात सामील आहे. त्यामुळे करारातील अन्य देशांसाठी मंत्रालयाचा एक शिक्का पुरतो. ओमान, बहारीन आणि २०२२ पासून सौदी अरेबिया हे या करारात आहेत. जे देश त्यात नाहीत त्यांच्यासाठी त्या देशाच्या दूतावासाचाही शिक्का घ्यावा लागतो. या कामाला कित्येक आठवडे लागू शकतात. सही करण्यापूर्वी हा काळ हिशेबात धरावा, आणि मूळ प्रमाणपत्रे कोणाच्याही ताब्यात ठेवण्यासाठी देऊ नयेत.

दोन पारडी

आता त्या शिक्षिकेकडे परत येऊ. पुढील आकडे केवळ हिशेबाची रीत समजावी म्हणून घेतले आहेत. चंडीगढमध्ये तिचा पगार २६,००० रुपये असून वर्षाला ८४,००० रुपये शिल्लक पडतात. दुबईत ५,००० दिरहमपैकी खोली, जेवण व प्रवास यांवर २,६०० खर्च होतील असे धरले तर महिन्याला २,४०० आणि वर्षाला २८,८०० दिरहम उरतात. दिरहमला २३ रुपये धरल्यास ही रक्कम ६,६२,४०० रुपये होते. उन्हाळ्यातील एका महिन्याचा पगार मिळाला नाही तर तीच ५,४७,४०० वर येते. दिरहमचा भाव १९९७ पासून अमेरिकन डॉलरशी निश्चित केलेला असल्याने नायजेरियासारखी आपत्ती तेथे संभवनीय वाटत नाही, हेही खरे.

पारडे एका बाजूला झुकले असे वाटेल. परंतु दुसऱ्या पारड्यात अजून काही घातलेले नाही. भारतात उपदानाचा हक्क सामान्यतः सलग पाच वर्षांच्या सेवेनंतर मिळतो. खाजगी शाळांतील शिक्षकांनाही तो आहे. २००९ च्या दुरुस्तीने तो दिला गेला आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरविली. २६,००० रुपये पगारावर वर्षाला पंधरा दिवसांच्या हिशेबाने पाच वर्षांचे उपदान ७५,००० रुपये होते. आज नोकरी सोडल्यास ते बुडते. आठ महिने थांबल्यास हाती येते. नोटिशीचा काळही पाळावा लागतो. महाराष्ट्रातील खाजगी शाळांच्या १९८१ च्या सेवाशर्ती नियमांनुसार कायम शिक्षकाला तीन महिन्यांची सूचना द्यावी लागते. अन्यत्र नेमणूकपत्रात काय लिहिले आहे ते पाहावे.

शासकीय शाळेतील शिक्षकाची स्थिती वेगळी असते. चंडीगढ प्रशासनाच्या कर्मचाऱ्यांना १ एप्रिल २०२२ पासून केंद्रीय सेवानियम लागू आहेत. अशी कायम नोकरी सोडून जाणाऱ्याचे नुकसान कित्येक पटींनी अधिक असते. रजा घेऊन जाता येईल का, हे त्याने आधी विचारावे. ज्याने अजून अशी नोकरी मिळविलेली नाही त्याने भरतीची वयोमर्यादा विसरू नये. शिक्षक पात्रता परीक्षेचे प्रमाणपत्र आता आजीवन वैध आहे; परंतु वय मात्र थांबत नाही.

आणि शेवटी ज्याचा आकडा मांडता येत नाही ते. रुग्णालयात आईसोबत कोण जाणार? ती अधिक आजारी पडली तर शाळेच्या सत्रामध्ये रजा मिळेल काय? पैसा पाठविता येतो. रात्री उठून औषध देणारा हात पाठविता येत नाही. या प्रश्नाला भाऊ, बहीण किंवा शेजारी यांपैकी कोणाचे तरी नाव उत्तर म्हणून यावयास हवे. “काहीतरी होईल” हे उत्तर नव्हे.

निर्णय

विचारान्ती त्या शिक्षिकेने शाळेला लिहिलेले उत्तर पुढीलप्रमाणे असू शकेल. पगाराची विभागणी, सुट्टीतील पगार आणि राहण्याची सोय करारात लिहून द्यावी, आणि नेमणूक पुढील एप्रिलपासून करावी. तेवढ्या अवधीत तिच्या सेवेची पाच वर्षे पुरी होतात, प्रमाणपत्रांवर शिक्के मिळतात आणि आईच्या देखभालीची व्यवस्था लावता येते. वर्षाच्या मध्यात वर्ग टाकून जाण्याची पाळीही येत नाही. राष्ट्रकुल देशांनी १ सप्टेंबर २००४ रोजी शिक्षकभरतीविषयी जी आचारसंहिता स्वीकारली, तिनेही चालू वर्षात शिक्षक उचलून नेल्याने मागे राहणाऱ्या विद्यार्थ्यांचे होणारे नुकसान विचारात घेतले आहे.

शाळेने हे मान्य केले तर जाण्यास हरकत नाही. दोन वर्षांची मुदत ठरवून, किती कर्ज फिटले म्हणजे परतावयाचे हे आधीच लिहून ठेवून तिने जावे. शाळेने उत्तर दिले नाही किंवा आठ दिवसांचीच घाई केली, तर ती नोकरी हातची गेली म्हणून खंत करण्याचे कारण नाही. ज्या मालकाला आज प्रश्न आवडत नाहीत, तो उद्या तक्रार ऐकून घेईल असे मानता येत नाही. गणिताच्या शिक्षिकेला मुलांना रोज सांगावे लागते की उत्तर लिहिण्यापूर्वी उदाहरण पूर्ण वाचावे. येथेही तिला एवढेच करावयाचे आहे.