रिमोटचा रणगाडा सुधारताना ताण कुठे जातो?

रिमोटवर चालणाऱ्या रणगाड्यांचा छंद जुना आहे. जपानच्या ‘तामिया’ कंपनीचे पहिले रिमोट मॉडेल १९७४ साली आले, ते रणगाड्याचेच होते: १:१६ प्रमाणातला पँथर. आज मात्र पुष्कळ जण ‘हेंग लाँग’ या चिनी कंपनीच्या त्याच प्रमाणातल्या टायगरपासून सुरुवात करतात, कारण तो तामियाच्या संचापेक्षा बराच स्वस्त पडतो आणि त्यातला जवळजवळ प्रत्येक भाग बदलता येतो. घोळ होतो तो इथेच. धातूचे ट्रॅक दिसायला देखणे, म्हणून ते आधी येतात आणि थोड्याच दिवसांत प्लॅस्टिकच्या गिअरचे दात झडतात. मग पोलादी गिअर येतात आणि मोटर चालवणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड जळतो. दोष यातल्या कुठल्याच भागाचा नसतो. एक कडी मजबूत केली की ताण पुढच्या कडीवर जातो. म्हणून तो जमिनीपासून बोर्डापर्यंत कोणत्या वाटेने जातो ते पाहावे आणि त्याच वाटेने बदल करत जावे.

आधी थोडा हिशेब. खऱ्या टायगरचे वजन सुमारे ५७ टन. १:१६ प्रमाणात लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही सोळाव्या हिश्शावर येतात, म्हणून वजनाला १६ च्या घनाने, म्हणजे ४,०९६ ने भागायचे. उत्तर येते १४ किलोच्या आसपास. प्लॅस्टिकचे मॉडेल त्याच्या निम्मेही भरत नाही. त्यामुळेच ते लहानशा अडथळ्यावरून टणकन उडते आणि खेळणे वाटते. वेगाचेही तसेच. खरा टायगर रस्त्यावर ताशी सुमारे ४० किलोमीटर जाई. त्याला सोळाने भागले की अडीच किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ७० सेंटिमीटर. रमतगमत चालणारा माणूसही त्याच्या पुढे जाईल. तेव्हा आपल्याला हवा आहे तो वजन ओढण्याचा जोर, वेग नव्हे. वेगवान मोटर विकत घेणे हा या छंदातला सगळ्यात वाया जाणारा खर्च आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता ट्रॅक. टायगरमध्ये ट्रॅक ओढणारे दातेरी चाक, म्हणजे स्प्रॉकेट, पुढे असते आणि मागे आयडलर, म्हणजे ट्रॅक ताणून धरणारे चाक. धातूचे ट्रॅक घालायचे तर स्प्रॉकेट आणि आयडलरही धातूचे हवेत, नाहीतर धातूच्या कड्या प्लॅस्टिकचे दात कानशीसारखे खातात. आयडलर मागेपुढे सरकवता येईल असा घ्यावा. ट्रॅक सैल राहिला तर वळताना निसटतो. फार ताणला तर बेअरिंगवर आणि गिअरवर विनाकारण भार येतो. टायगरचा ट्रॅक वरच्या बाजूला चाकांवर किंचित टेकलेला असतो, तेवढा ढिलेपणा बरोबर. कड्या जोडणाऱ्या पिना चालता चालता बाहेर सरकतात, म्हणून प्रत्येक पिनेच्या एकाच टोकाला गोंदाचा ठिपका द्यावा. दोन्ही टोकांना दिला की पुढे कडी काढताना रडायची वेळ येते.

पुढची कडी गिअरबॉक्स. पोलादी गिअर आणि शाफ्टला बॉल बेअरिंग असलेला घ्यावा. बसवताना सगळी मदार मोटरच्या टोकावरचा पिनियन आणि पहिला मोठा गिअर यांच्यातल्या फटीवर असते. वहीच्या कागदाची पट्टी दोघांच्या दातांमध्ये घालायची, मोटर दाबून धरायची, स्क्रू आवळायचे आणि गिअर फिरवून पट्टी काढून घ्यायची. पट्टीवर सारख्या घड्या उमटल्या आणि ती फाटली नाही तर फट योग्य. पिनियनचा बारीक स्क्रू शाफ्टच्या सपाट भागावरच टेकला पाहिजे. स्क्रू सैल होऊ नये म्हणून लावायचे थ्रेडलॉकर धातूत धातू असेल तिथेच वापरावे. ते प्लॅस्टिकला लागले तर तडे जाऊ शकतात.

एवढे झाले की थांबायचे आणि मोजायचे. रणगाडा ठोकळ्यावर ठेवून ट्रॅक अधांतरी करा, मल्टिमीटर १० अँपिअरच्या जागी लावून एका मोटरच्या वायरीत मालिकेत जोडा आणि त्या बाजूचा ट्रॅक फिरवा. मग दुसऱ्या बाजूला तसेच. दोन्ही आकडे जवळपास सारखे हवेत. एक बाजू जास्त करंट खात असेल तर तिथे काहीतरी घासते आहे: वाकलेला शाफ्ट, अती आवळलेला आयडलर किंवा कडीत अडकलेला रंगाचा पापुद्रा. ही घासाघीस ठेवून पुढे मोठी बॅटरी घातली तर ती बॅटरी घासाघिशीलाच जोर देते.

मोटर कशी वागते हे कळले की बोर्ड का जळतात ते आपोआप कळते. फिरणारी मोटर स्वतः बॅटरीच्या विरुद्ध व्होल्टेज तयार करते, म्हणून करंट आटोक्यात राहतो. ती अडली की हा विरोध संपतो आणि करंटला अडवायला उरतो तो फक्त तांब्याच्या गुंडाळीचा रोध. समजा तो ०.६ ओहम आहे आणि बॅटरी ७.४ व्होल्टची, तर करंट १२ अँपिअरवर जातो. यापेक्षा वाईट म्हणजे पूर्ण वेगात पुढे जाताना स्टिक झटक्यात मागे ओढणे. त्या क्षणी मोटरचे व्होल्टेज बॅटरीच्या बाजूने मिळते आणि करंट अडलेल्या मोटरच्याही जवळजवळ दुप्पट होऊ शकतो. पूर्वी अशा वेळी प्लॅस्टिकचा दात तुटून बाकीचे वाचत. पोलादी गिअर तुटत नाहीत, मग बोर्डावरचे मॉसफेट, म्हणजे मोटरची वीज चालू-बंद करणारे भाग, जातात. म्हणून बॅटरीच्या लाल वायरीत, बॅटरीच्या अगदी जवळ, बोर्डाच्या क्षमतेप्रमाणे फ्यूज हवाच.

मोटरचे ब्रश ठिणग्या टाकतात आणि त्या रिसीव्हरला सतावतात. उपाय स्वस्त आहे: ‘१०४’ छापलेले तीन सिरॅमिक कपॅसिटर. एक दोन्ही टोकांमध्ये, उरलेले दोन प्रत्येक टोकापासून मोटरच्या पत्र्याला. तो गुळगुळीत पत्रा सोल्डर पटकन धरत नाही. आधी जागा खरवडून घ्यावी आणि गरम सोल्डरिंग आयर्न दोन-तीन सेकंदांतच उचलावे.

जुनी ७.२ व्होल्टची निकेल बॅटरी म्हणजे १.२ व्होल्टचे सहा सेल. तिच्या जागी दोन सेलची लिथियम घातली की पूर्ण भरल्यावर ८.४ व्होल्ट मिळतात. तिला तिचाच बॅलन्स चार्जर हवा, निकेलचा चार्जर लावणे म्हणजे आगीला आमंत्रण. चार्ज होत असताना खोली सोडून जाऊ नये आणि सेल ३.२ व्होल्टच्या खाली उतरू देऊ नये. वळताना रणगाडा गचकन थांबून इंजिन सुरू होण्याचा आवाज पुन्हा ऐकू आला, तर व्होल्टेज पडून बोर्ड रीसेट झाला असे समजावे. दमलेली बॅटरी, बारीक वायर किंवा सैल कनेक्टर यांपैकी एक काहीतरी सापडते.

बोर्ड सगळ्यात शेवटी. त्याचे मुख्य काम हिशेबाचे आहे: वेगाच्या आकड्यात वळणाचा आकडा मिळवला की एक मोटर, वजा केला की दुसरी. तो हुकूम मॉसफेट पाळतात, मोटरची वीज भराभर चालू-बंद करून. चांगल्या बोर्डात वेग हळूहळू चढवण्या-उतरवण्याची सोय असते. ‘ओपन पँझर’ या मुक्त प्रकल्पाचा बोर्ड एटीमेगा २५६० चिपवर चालतो आणि त्यात हे सगळे आपल्या मनाप्रमाणे ठरवता येते. चढ-उतार सावकाश ठेवला की स्टिक कितीही झटकली तरी मोटरला झटका बसत नाही, आणि पाच-सहा किलोचे मॉडेल जडशीळ वाटू लागते. एकाच सेटिंगने गिअरही वाचतात आणि चालही सुधारते. एवढे देणारा दुसरा बदल मला माहीत नाही.

वळणाचीही तशीच काळजी घ्यावी. दोन स्वतंत्र मोटरींमुळे कुठलेही मॉडेल जागच्या जागी गरकन फिरते. खऱ्या टायगरला ते जमत असे. त्याच्या काळातल्या शर्मनला जमत नसे, त्याच्या डिफरेन्शियलमुळे दोन्ही ट्रॅक पुढेच जात. शिवाय असे फिरताना ट्रॅक आडवे घासतात आणि मोटरवर सगळ्यात जास्त भार तेव्हाच येतो, त्यातही गालिच्यावर. शर्मन असेल तर हे फिरणे बोर्डातून बंदच करावे.

ट्रॅकचा खरा ढिलेपणा डोळ्यांनी पाहायचा असेल, तर अहिल्यानगरला, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला, १९९४ पासून घोडदळाचे रणगाडा संग्रहालय आहे. सेंच्युरियन आणि विजयंता तिथे उभे आहेत. आयडलर शेवटचा आवळण्याआधी एकदा जाऊन या.