पाठ आहे, पण कळत नाही : मराठी माणसाला पाली किती अवघड?

शिवऱ्यात वंदना सुरू झाली की सहा-सात वर्षांची पोरंही त्रिसरण-पंचशील न अडखळता म्हणतात. लग्नात, नामकरणात, पुण्यानुमोदनात, 14 एप्रिलला, वैशाख पौर्णिमेला तेच शब्द कानावर पडतात. पण वंदना संपल्यावर 'समादियामि' म्हणजे नेमकं काय, असं कुणी विचारलं तर मोठी माणसंही एकमेकांकडे बघतात. आम्हीही बघायचो. वर्षानुवर्षं जी भाषा तोंडात आहे ती डोक्यात का नाही, या एका प्रश्नावरून आम्ही काही जण रविवारी संध्याकाळी पाली शिकायला बसू लागलो. त्यात खेड शिवापूर आणि शिरवळच्या कंपन्यांत शिफ्ट करणारे आहेत, कॉलेजची मुलं आहेत, दोन-तीन आज्याही आहेत. विद्वान कुणीच नाही.

3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठी, पाली, प्राकृत, आसामी आणि बंगाली या भाषांना अभिजात दर्जा द्यायचा निर्णय घेतला. त्या दिवशी आपल्या सगळ्या ग्रुपवर अभिनंदनाचे फोटो फिरले. आनंद झालाच पाहिजे. पण त्याच पाली साहित्याचा वैकल्पिक विषय 2013 मध्ये केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेतून काढला गेला होता, हेही विसरता येत नाही. आणि दर्जा दिल्लीत मिळाला तरी शब्द आपल्याच तोंडाने उच्चारायचे आहेत. 'पाली फार अवघड, ते भन्तेजींचं काम' हे वाक्य चळवळीतल्या कार्यकर्त्यांकडून आम्ही इतक्या वेळा ऐकलं आहे की ते एकदा नीट तपासून बघायला हवं.

भाषा अवघड की सोपी, हे एकट्या त्या भाषेवर ठरत नाही. शिकणारा कुठल्या भाषेतून येतो त्यावर ते ठरतं. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची एक प्रशिक्षण संस्था आहे. इंग्रजी मातृभाषा असलेल्या अधिकाऱ्याला कोणती भाषा कामापुरती यायला वर्गातले किती तास लागतात, याचा हिशेब ती ठेवते. स्पॅनिशला साधारण 600 ते 750 तास, हिंदीला 1100च्या आसपास आणि जपानीला 2200. आता हाच तक्ता मराठी माणसासाठी केला तर हिंदी पहिल्या पायरीवर येईल, कारण ती आपल्याला वर्गात न बसताच निम्मी येते. मग पाली कुठे बसेल? आमचा अनुभव सांगतो की ती वाटते त्यापेक्षा खूप वरच्या पायरीवर, म्हणजे सोप्या बाजूला बसेल.

सुरुवात आकड्यांपासून करू. सत्त, अट्ठ, नव, दस. बारस, तेरस, चुद्दस, पन्नरस, सोळस. चत्तालीस, पञ्ञास, सट्ठि, असीति. पहिल्या रविवारी हे फळ्यावर लिहिलं तेव्हा एक आजी म्हणाल्या, 'हे तर आपलेच पाढे की!' त्यांचं खरंच आहे. सोळस या शब्दात तर आपला ळसुद्धा आहे. हिंदीवाल्याला हा ळ जड जातो. आपल्याला तो पाळण्यातच मिळतो.

यामागे एक नियम आहे आणि तो एकदा लक्षात आला की शेकडो शब्द फुकट मिळतात. पालीत जिथे जोडाक्षरात तेच व्यंजन दोनदा येतं, तिथे मराठीत बहुतेक वेळा ते एकदाच उरतं आणि आधीचा स्वर लांबतो. हत्थ म्हणजे हात. कण्ण म्हणजे कान. दुद्ध म्हणजे दूध. सप्प म्हणजे साप, भत्त म्हणजे भात, कम्म म्हणजे काम, नच्च म्हणजे नाच, ओट्ठ म्हणजे ओठ, पुत्त म्हणजे पूत. 'घर' हा शब्द पालीतही घरच आहे. गाम म्हणजे गाव. 'दारको भत्तं खादति' हे वाक्य पुढे ठेवलं आणि दारक म्हणजे मुलगा एवढंच सांगितलं, तर उरलेलं वाक्य वर्गाने स्वतःच लावलं : मुलगा भात खातो. शब्दांचा क्रमही तोच. कर्ता आधी, कर्म मधे, क्रियापद शेवटी.

इथे एक खुलासा करायला हवा, कारण आपल्या सभांमधून 'पाली ही मराठीची आई' असं सरसकट सांगितलं जातं. भाषेचे अभ्यासक मराठीची सरळ रेषा महाराष्ट्री प्राकृताकडे नेतात. पाली तिची जवळची नातेवाईक, मावशी म्हणा. कार्ले, भाजे, जुन्नर, नाशिक इथल्या लेण्यांतले ब्राह्मी लिपीतले दानलेख आहेत तेही प्राकृतात, शुद्ध पालीत नाहीत. म्हणून आपला दावा लहान होत नाही. मावशीच्या घरीही आपल्याला ताटाला बोलवायची गरज लागत नाही. पण जे नाही ते सांगितलं की समोरचा तेवढंच पकडतो आणि बाकीचं सगळं खोटं ठरवतो, हे आपण पुरेसं भोगलं आहे.

व्याकरणात तर मराठी माणसाची आणखी सोय आहे. पालीत तीन लिंगं आहेत, मराठीतही तीन. हिंदीत दोनच, इंग्रजीत नामाला लिंगाची भानगडच नाही. संस्कृतात एकवचन आणि अनेकवचनाच्या मधे द्विवचन असतं. पालीने ते टाकून दिलं, मराठीतही ते नाही. श, ष, ऋ, ऐ, औ आणि विसर्ग हेही पालीत नाहीत.

या 'श'वरून थोडं थांबू. आमच्यातल्या एकाला लहानपणी शाळेत 'साळा' म्हटल्याबद्दल वर्गासमोर उभं केलं होतं. त्याच्या घरी सगळे साळाच म्हणायचे. पालीच्या पहिल्याच पानावर 'सील' हा शब्द वाचून तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, 'म्हणजे बुद्धाच्या भाषेत मी पास झालो असतो.' सगळे हसले, पण त्या हसण्याला धार होती. प्रमाण काय आणि अशुद्ध काय, हे ज्याच्या हातात खडू असतो तो ठरवतो.

पुन्हा व्याकरणाकडे. सुत्तांमधल्या गोष्टी वाचायला लागलात की गन्त्वा, सुत्वा, कत्वा, निसीदित्वा अशी रूपं ओळीने येतात. म्हणजे जाऊन, ऐकून, करून, बसून. मराठीत आपण गोष्ट अशीच सांगतो : तो उठून, तोंड धुऊन, भाकरी खाऊन कामाला गेला. इंग्रजीतून पाली शिकणाऱ्याला या रूपासाठी वेगळा धडा लागतो. आपल्याला 'ऊन लावा' एवढं पुरतं. पालीत क्वचित 'कातून' असंही रूप मिळतं, त्याच्या शेजारी आपलं 'करून' ठेवून बघा.

त्याहून मोलाची गोष्ट पुढची आहे. 'बुद्धेन धम्मो देसितो' म्हणजे बुद्धाने धम्म सांगितला. 'बुद्धेन गाथा भासिता' म्हणजे बुद्धाने गाथा म्हटली. क्रियापद कुणाच्या मागे धावतं ते पाहा. सांगणारा बुद्धच आहे, पण धम्म पुल्लिंगी म्हणून देसितो, गाथा स्त्रीलिंगी म्हणून भासिता. मराठीत हेच होतं : त्याने भात खाल्ला, त्याने भाकरी खाल्ली. परदेशी विद्यार्थी ज्या रचनेपाशी घाम गाळतो ती आपल्या जेवणाच्या ताटावर रोज असते.

मग अवघड काय आहे? आहेच. भूतकाळाची 'अगमासि', 'अवोच' अशी रूपं मराठीच्या कानाला परकी आहेत, ती पाठच करावी लागतात. विभक्तीचे प्रत्यय शब्दाला इतके चिकटून येतात की मूळ शब्द शोधताना पहिले काही महिने दमछाक होते. संधी आणि समास ही खरी चढण. 'नत्थि' म्हणजे न आणि अत्थि, हे सुटतं, पण चार-पाच शब्दांचा समास समोर आला की आमचा अख्खा रविवार त्यात जातो.

उच्चाराचेही खड्डे आहेत. मराठीत आपण शब्दाच्या शेवटचा अ गिळतो. 'सरण' लिहितो आणि 'सरण्' म्हणतो. पालीत तो अ पूर्ण म्हणायचा. आपल्याकडे च दोन आहेत, अंकातला 'चार' आणि गुरांचा 'चारा'. पालीत फक्त पहिला. आणि 'पञ्ञा'तला ञ्ञ अनेक ठिकाणी 'पन्ना' होऊन बसला आहे.

सगळ्यात मोठा धोका मात्र अवघड शब्दांत नसून ओळखीच्या शब्दांत आहे. मराठीत वेदना म्हणजे दुखणं. पालीत वेदना म्हणजे कुठलीही अनुभूती : सुखाची, दुःखाची किंवा दोन्ही नसलेली. हा एक शब्द मराठी अर्थाने वाचला की बुद्ध सतत दुखण्याबद्दलच बोलतात असं वाटू लागतं, आणि बौद्ध धम्म निराशावादी आहे हा जुना आरोप आपणच खरा करून दाखवतो. तसाच 'संखार'. मराठीत संस्कार म्हटलं की मुंज, लग्न, चांगल्या सवयी आठवतात. पालीत त्याचा अर्थ मनाची घडण आणि ती घडवणाऱ्या कृतींकडे जातो. 'खीर' म्हणजे पालीत नुसतं दूध, इथे नुकसान कमी.

आता तो 'समादियामि'. शेवटचा 'मि' म्हणजे मी. गच्छामि, मी जातो. गच्छसि, तू जातोस. गच्छति, तो किंवा ती जाते. मराठीत पुरुष 'जातो' म्हणतो, बाई 'जाते'. पालीत दोघांचंही गच्छामि. तर समादियामि म्हणजे मी स्वीकारतो, मी स्वीकारते. वेरमणी म्हणजे दूर राहणं. सिक्खापद म्हणजे शिकण्याचा नियम, आणि सिक्खा शब्दात आपलं 'शीक' ऐकू येतं. पाणातिपाता यातला शेवटचा आ 'पासून' हा अर्थ देतो : जीव घेण्यापासून. म्हणजे पंचशीलात 'हिंसा करू नकोस' अशी कुणाचीही आज्ञा नाही. क्रियापद प्रथमपुरुषी आहे. वरून हुकूम करणारा त्या व्याकरणातच नाही. आम्ही हे वाक्य भाषणांमधून ऐकलं होतं, पण 'मि'वर बोट ठेवून पाहिल्यावर ते प्रत्येकाला स्वतः पडताळता आलं.

बाबासाहेबांना हे पडताळणं किती महत्त्वाचं वाटत होतं ते त्यांच्या कामातून दिसतं. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये त्यांना संस्कृत घ्यायचं होतं, जातीमुळे ते घेऊ दिलं नाही आणि पर्शियन घ्यावं लागलं. संस्कृत त्यांनी पुढे स्वतःच्या कष्टाने मिळवलं. 1921 मध्ये जर्मनीतल्या बॉन विद्यापीठाकडे त्यांनी प्रवेशासाठी पत्र लिहिलं ते जर्मन भाषेत. आणि पालीचं व्याकरण व शब्दकोश त्यांनी तयार केला. महाराष्ट्र शासनाने तो 1998 मध्ये त्यांच्या लेखन आणि भाषणांच्या 16व्या खंडात छापला. त्या कोशात इंग्रजीबरोबर मराठी, हिंदी आणि गुजराती अर्थही आहेत. हा कोश कुणासाठी होता हे वेगळं सांगायला नको. आपल्या किती विहारांच्या कपाटात हा खंड आहे आणि तो कितीदा बाहेर निघतो, हे ज्याने त्याने तपासावं. आमच्याकडे तो बरेच दिवस हार घालायच्या फोटोशेजारी प्लॅस्टिकच्या आवरणात होता.

वयाची सबबही टिकत नाही. गोव्यात 1876 मध्ये जन्मलेले धर्मानंद कोसंबी 1902 मध्ये सिलोनला पोचले आणि विद्योदय परिवेणात पाली शिकले, तेव्हा ते पंचविशी ओलांडलेले होते. हाताशी संस्कृत होतं, पण शाळेतलं रीतसर शिक्षण फारसं नव्हतं. दहा वर्षांनी ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवत होते. त्यांना त्यासाठी समुद्र ओलांडावा लागला. आज इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने अख्खं तिपिटक देवनागरीत मोफत उपलब्ध केलं आहे. श्रीलंकेच्या लिली द सिल्वा यांचं 32 धड्यांचं पाली प्रायमरही तिथूनच निघालं आहे. आम्ही त्याच पुस्तकावरून चालतो. आठवड्याला एक धडा ठरवला होता, शिफ्ट आणि लग्नसराईमुळे दोन आठवड्यांना एक पडतो. बारा-तेरा धड्यांनंतर वंदनेतले बहुतेक शब्द सुटे करून दाखवता येतात. सुत्त एकट्याने वाचायला अजून वेळ आहे.

गेल्या रविवारी त्याच आजींनी विचारलं, 'आपण सगळे मिळून म्हणतो, तर मग गच्छामि का? आम्ही जातो असं का नाही?' अनेकवचन 'गच्छाम' असं होतं, हे त्या आदल्याच धड्यात शिकल्या होत्या. पुस्तक चाळलं. याचना करताना समूहाने 'मयं' आणि 'याचाम' म्हणायची रीत आहे, पण सरण घेताना मात्र एकवचनच राहतं. मग बाकावरच्या एका पोराने उत्तर दिलं, 'आजी, सरण ज्याचं त्यानेच घ्यायचं असेल.' आजींनी मान डोलावली आणि पुढचा प्रश्न काढला : मग मागताना सगळे मिळून का?